भिंतीपलीकडची ऊब

माझा धाकटा दीर चिंतामणी, याला शेजारधर्म कशाशी खातात हे ठाऊक नाही. मंगल कार्यालयाच्या भिंतीला भिंत लावून कोणी कांदा वाळवायचा कारखाना काढतं का? अंतरपाट धरायच्या आधीच वऱ्हाडाचे डोळे वाहायला लागतात. इतर ठिकाणी नवरीची आई पाठवणीला रडते, आमच्याकडे ती व्याह्यांच्या स्वागतालाच रडते. सांगायला गेलं की हा हात जोडतो आणि म्हणतो, "वहिनी, शकुनाचं पाणी आहे ते."

मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही आमच्या घरातली वाटणीची रीत. माझे यजमान गेल्यावर वाटे मी पाडले, पूर्वेकडची जागा यानं उचलली. एकदा उचललेला वाटा परत ठेवता येत नाही, म्हणून हा कांदा माझ्या नशिबी कायमचा आला.

पण यंदा त्यानं कहर केला. माझ्या आवारात बोअर मारायची गाडी आली, तर हा तिच्यापुढं खुर्ची टाकून बसला. म्हणे, "दादानं घातलेला पाया हलेल." यजमान पाया घालत होते तेव्हा यानं एक वीट उचलली नव्हती.

हे बोअर पाण्यासाठी नव्हतं. बार्शीत उन्हाळ्याचा पारा पन्नाशीला टेकायला लागला, तसा शहरानं नियम केला. इमारत आतून गार करायची तर आतली गरमी गल्लीत सोडून रस्त्यावरची माणसं भाजायची नाहीत. गरमी जमिनीत उतरवा, नाहीतर गारवा विसरा. आता सगळ्याच जमिनींना ते झेपत नाही. म्हणून प्रत्येक धंद्याच्या इमारतीची तपासणी. दाखला मिळाला तर माझं कार्यालय चालणार. नाही मिळाला तर भर वैशाखात त्या भट्टीत अक्षता टाकायला कोण येणार? यजमानांच्या मागं मी एकटीनं उभं ठेवलेलं कार्यालय होतं ते.

तपासणीला दोघं आले. खडकाच्या जाणकार डॉक्टर शबाना मुलाणी, आणि यंत्रांचा हिशेब करणारा रेवणसिद्ध हत्तुरे. मी चौथीत शाळा सोडली, पण विचारायची लाज कधी बाळगली नाही.

"हे यंत्र गारवा तयार कसा करतं रे?"

"भूतापपंप गारवा तयार करत नाही, काकू," रेवण म्हणाला. "तो गरमीचा हमाल आहे. हॉलमधली गरमी उचलतो आणि खोल नळ्यांतून खडकात नेऊन टाकतो."

"आणि खडक ती कुठं ठेवतो?"

"तिथंच घोडं अडतं," शबाना म्हणाली. "खडक म्हणजे कोठार. हळू भरतं, हळू रिकामं होतं. थंड मुलखात उन्हाळ्यात भरलेली ऊब हिवाळ्यात घर तापवायला काढतात. तुम्ही नुसतं भरणार, काढणार कोण? चातुर्मासात लग्नं नसतात, तेवढीच खडकाला उसंत."

"ती उसंत मी हिशेबात धरलीय मॅडम," रेवण म्हणाला. "तरी सात-आठ वर्षांत खडक इतका तापेल, की पंपाला गरमी टाकायला जागाच उरणार नाही. माझ्या मते इमारत अपात्र."



"तुझं मत अजून जमिनीखाली उतरलेलं नाही," शबाना म्हणाली. "आधी मोजू."

चिंतामणी खुर्चीवरून हलेना. मी गाडीवरच्या माणसांना म्हटलं, खुर्चीसकट उचला आणि लिंबाच्या सावलीत ठेवा, म्हातारा उन्हानं करपेल. त्यांनी ठेवला.

बोअर झालं, खोदताना तापलेला खडक निवला, मग शबानानं त्यात तापतार सोडली. खोली बदलली की ही तार तिथला ताप सांगते. आमच्याकडच्या काळ्या खडकात एकोणतीस अंशांच्या आसपास यायला हवं होतं. आलं एकवीस. तिनं तार बदलली. पुन्हा एकवीसच.

"त्यात नवल काय?" मी म्हटलं. "इथल्या विहिरीचं पाणी चैत्रातसुद्धा दातांना लागतं. ती खोदणाऱ्या आमच्या यजमानांचा हातगुण." येणाऱ्या प्रत्येक वऱ्हाडाला मी हेच सांगत आले होते.

रेवणचा चेहरा उजळला. "मग काय मॅडम! कोठार नुसतं रिकामं नाही, वर आणखी खोल करून ठेवलंय कुणीतरी. भरा की बिनधास्त. पात्र!"

"कुणीतरी म्हणालास ना?" शबाना म्हणाली. "खडक आपोआप गार होत नसतो, रेवण. त्यातली ऊब काढली जातेय. कोण काढतंय आणि किती वर्षं काढणार, हे कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

मला हसू आलं. जिथं पापड पालथा घालायच्या आत वाळतो, त्या बार्शीत गरमी कोण चोरेल? पण डोक्यात किडा वळवळायला लागला. मीच म्हटलं, आणखी दोन ठिकाणी खोदा. खर्चाचं मी बघते.

पश्चिमेकडच्या बोअरमध्ये खडक कमी गार निघाला. पूर्वेकडच्यात हात आखडावा इतका गार. जितकं भिंतीजवळ जावं, तितकी थंडी वाढत होती. आम्ही तिघंही भिंतीकडं बघत उभे राहिलो. पलीकडून कांद्याचा भपकारा आला. आणि माझ्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत त्या कारखान्याला मी कधी धुराडं पाहिलं नव्हतं.

"चिंतामणी," मी लिंबाखाली हाक मारली, "तुझा कांदा वाळतो कशावर?"

त्यानं एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग बोलला.

त्याच्याकडं पण भूतापपंप होता, फक्त उलटा चालणारा. खडकातली ऊब उपसायची, दाबून आणखी तापवायची आणि कांद्याच्या चकत्यांवर सोडायची. स्वतःच्या जागेखालचा खडक चार-पाच वर्षांत निवला. मग यानं भिंतीखालून तिरकी बोअरं मारली, थेट माझ्या बोहल्याखाली.

"वाटणी जमिनीची झाली वहिनी," तो पुटपुटला. "खालच्या उबेची कुठं झाली? आणि आता तीही सरत आलीय. यंदा चकत्या ट्रेमध्येच आंबतायत. तुम्ही खोदलंत की सगळं उघडं पडणार, म्हणून बसलो होतो."

"चोर!" मी म्हटलं. "चल ठाण्यात."

"जरूर जा काकू," शबाना शांतपणे म्हणाली. "पण तक्रार झाली की यांचा पंप बंद होईल. चहूकडचा खडक आपली ऊब या गार खडकात सोडेल, वर तुमच्या लग्नांची भर. मग रेवणचं पहिलं मत खरं ठरेल. अपात्र."

"आणि हा असाच उपसत राहिला तर?"

"तर तुम्ही लग्नसराईत भरलेलं हे कांदा वाळवताना काढतील. दोन्ही आकडे जवळपास जुळतात. मी पात्र लिहीन, पण एका अटीवर. यांचा पंप कायमचा थांबता कामा नये."

रेवण डोकं खाजवत म्हणाला, "आणि काकूंची लग्नं थांबली, तर यांचा कांदा आंबणार."

मी पायात चपला सरकवल्या. चिंतामणीला वाटलं, मी ठाण्यालाच निघाले. त्यानं पटकन माझे पाय धरले.

"चुकलो वहिनी. उद्याच पंप बंद करतो. नळ्या उपटून काढतो. देवाशप्पथ, पुन्हा तुमच्या जमिनीतली ऊब घेणार नाही."

"ऊठ," मी म्हटलं. "आपल्या घरात धाकटा आधी उचलतो, आणि उचललेलं परत ठेवत नाही. माझी ऊब तू उचललीस, आता जन्मभर उचलायची. तुझ्यामागं तुझ्या पोरांनी उचलायची. नळीला हात लावलास तर याद राख, चिंतामणी. चोरी केलीस म्हणून सोडते तुला, पण थांबवलीस तर ठाण्यात नेईन."