मागचं दार कोणी लावलं?

पुढे लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. त्यासाठी मी शपथ घ्यायला तयार आहे. वडिलांची घेणार होतो, पण आप्पा म्हणाले, "माझी नको. या वयात तुझ्या खरेपणावर जीव टांगायची माझी तयारी नाही."

तेव्हा बिनशपथेचंच वाचा.

आणखी एक अडचण. अशा गोष्टी काळ्याकुट्ट रात्री घडतात. ही एप्रिलमधल्या रविवारी, दुपारी पावणेचारला घडली. लख्ख ऊन होतं. त्याला माझा इलाज नाही.

तर झालं असं, की मला मोठी गाडी घ्यायची होती.

खडकावर चढणारी, ओढ्यात उतरणारी, चारही चाकांत जोर असलेली. दोन महिने मी दुसरं काही वाचलं नव्हतं. जमिनीपासून उंची किती, किती खोल पाण्यातून जाते, टपावर तंबू बसतो का. मी स्वतः कधी कमरेएवढ्या पाण्यात उतरलेलो नाही, पण गाडीने उतरलंच पाहिजे यावर मी ठाम होतो.

कारण साधं होतं. माझी बायको मुलीला घेऊन चालली होती.

भांडून नव्हे. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. तिने दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली होती. जूनमध्ये त्या दोघी जाणार, मी आणि आप्पा इथेच. "कायमचं?" असं मी विचारलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "बघू," म्हणाली. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ कळतो.

माझ्याकडे सहा आठवडे होते आणि एकच कल्पना... सगळ्यांनी मिळून एक सहल. डोंगर, तंबू, शेकोटी. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला काडी सात सीटची हवी होती.

आता मूळ दुखणं सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीला पेट्रोल पंपावर विसरून आलो होतो.

ती तेव्हा सहा वर्षांची होती. घरात आम्ही तिला ठमी म्हणतो. बायको पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेली, मागे आप्पा घोरत होते आणि त्यांच्या बाजूला पांघरुणाचं बोचकं होतं. मला ते बोचकं ठमी वाटलं. ठमी पंपावरच्या नळाखाली हात धूत होती.

एका तासाने कळलं. परत जायला आणखी एक तास.

ती हवा भरायच्या मशीनशेजारी उभी होती. रडत नव्हती. "मी हाक मारली होती," एवढंच म्हणाली.

बायको त्यावर कधीच काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून घरात नियम आहे. गाडी हलवण्याआधी मोजायचं. आप्पा 'एक', बायको 'दोन', ठमी 'तीन', मी 'चार'. चार आकडे ऐकू आले तरच गाडी निघणार. पहिल्या वर्षी ठमीला त्याची फार मजा वाटायची. आवाज टिपेला नेऊन, शेवटी हेल काढून ओरडायची... "तीऽऽऽन!"

मग मोठी झाली. आता पंधरा वर्षांची आहे. 'तीन' म्हणते ते दाढ काढून हातात दिल्यासारखं.

त्या रविवारी आम्ही चौघं जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेलो. त्याला सगळे शेठ म्हणतात. त्याने दाखवलेली गाडी पांढरी, अवाढव्य, टपावर जाळी, मागच्या दाराला स्टेपनी. मागे समोरासमोर दोन बाक. तिथे चढायला तेच मागचं दार.

"साहेब, ही गाडी कुटुंबाला बांधून ठेवते बघा," शेठ म्हणाला.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं.

"चढायला शिडी देता की क्रेन मागवायची?" आप्पांनी विचारलं.

ठमी मागच्या बाकावर जाऊन बसली.

"अगं, एकटीच मागे?" मी म्हटलं.

"मग मोठी गाडी घ्यायचा फायदा काय, बाबा? तुझ्यापासून लांब बसता येतं."

शेठ हसला. एकटाच.

त्याचं जेवण व्हायचं होतं, म्हणून त्याने चावी माझ्या हातात दिली. चार किलोमीटरवर बंद पडलेली दगडाची खाण आहे, गिऱ्हाईकं तिथेच गाडी चढवून बघतात, म्हणाला. आप्पा पुढे बसले. बायको मधल्या सीटवर.

"एक."

"दोन."

"...तीन."

"चार," मी म्हटलं आणि निघालो.

दोनशे मीटर गेलो असू... टिंग. टिंग. टिंग.

समोर लाल दिवा. मागच्या बाकावर कोणीतरी पट्टा लावलेला नाही.

"ठमे, पट्टा!"

"लावलाय."

टिंग. टिंग.

"डाव्या बाकाचा नाही, उजव्या बाकाचा दिवा आहे."

"उजव्या बाकावर कोणी नाहीये, बाबा. घेण्याआधीच बिघडली तुझी गाडी."

आणि मग... खट्.

पट्टा अडकल्याचा आवाज. दिवा विझला.

"आता कसा लावलास?" मी विचारलं.

मागून उत्तर आलं. "मी काही केलं नाही."

मी आरशात पाहिलं. मधल्या सीटच्या उंच पाठी आणि मागच्या काचेवरची स्टेपनी, एवढंच दिसत होतं. जुनी गाडी, सैल तार. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो!

खाणीत पोचलो. चढ खडा होता, वर सुटे दगड. मी दांडा ओढून चारही चाकं जोडली आणि पाय दाबला. गाडी एकदा घसरली, दोनदा घसरली. आप्पांनी समोरची मूठ धरली आणि डोळे मिटले. तिसऱ्यांदा ती गुरगुरत, डुलत, थेट माथ्यावर.

आणि माझी बायको हसली.

मोठ्याने. तोंडावर हात न ठेवता. चार वर्षांनी ऐकलं मी ते हसू.

"चढवलीस की रे!" ती म्हणाली.

त्या क्षणी मी ती गाडी विकत घेतली होती. डोंगरही विकत घेतला होता. जून महिना कॅलेंडरातून फाडून टाकला होता.

आप्पा गाडीतच राहिले, आम्ही तिघं खाली उतरलो. खाली खाणीत साचलेलं हिरवं पाणी दिसत होतं. ठमी फोनवर फोटो काढून आली, फोन मागच्या बाकावर टाकला आणि पुन्हा कड्यापर्यंत गेली. बायको म्हणाली, "मे महिन्यात एखादा आठवडा काढता येईल."

'येईल' म्हणाली. 'बघू' नाही. मी घाईघाईने गाडीत बसलो. असं वाक्य मागे घेण्याआधी माणसाला घरी न्यावं.

"चला रे सगळे!"

बायको चढली.

मागचं दार... धप्प.

मी चावी फिरवली.

"एक," आप्पा.

"दोन," बायको. आवाजात अजून हसू होतं.

आणि मागून...

"तीऽऽऽन!"

"चार!" मी ओरडलो आणि गाडी उताराला लावली.

मी खूश होतो, हे इथे नोंदवतो. दोन किलोमीटर मी शीळ घालत होतो.

मग आप्पा म्हणाले, "ठमी आज लाडात आलीये. किती वर्षांनी अशी ओरडली."

माझी शीळ थांबली.

आप्पांना कमी ऐकू येतं. पण हे त्यांनी ऐकलं होतं, कारण तो आवाज तसाच होता. टिपेचा. पातळ. शेवटी हेल काढलेला.

सहा वर्षांच्या मुलीचा.

"ठमे?" बायको मागे न वळताच म्हणाली.

मागून काही नाही.

"ठमे, बोल ना गं."

काही नाही.

मी ब्रेक दाबला. मी सीटवरून उठलो आणि आम्ही दोघांनी मधल्या पाठींवरून मागे वाकून पाहिलं.

डाव्या बाकावर ठमीचा फोन होता.

ठमी नव्हती.

आणि उजव्या बाकावरचा पट्टा... अडकवलेला होता. सैल लोंबत नव्हता. बाकापासून वीतभर वर, ताणलेला. जसा एखाद्या लहानशा अंगावर बसावा तसा.

आमच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू बाकाला टेकला.

बायको ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "परत. परत. परत." मी गाडी कशी वळवली मला आठवत नाही. आप्पा दोन्ही हातांनी मूठ धरून काहीतरी पुटपुटत होते. ते दोन किलोमीटर मी नऊ वर्षं चालवत होतो. खाणीतलं ते हिरवं पाणी मला रस्ताभर दिसत होतं.

ठमी उताराच्या वरच्या टोकाला उभी होती. रडत नव्हती.

बायकोने तिला इतकं घट्ट धरलं की पोरीचा चष्मा वाकडा झाला.

"किती वेळ लागला?" ठमीने माझ्याकडे बघत विचारलं.

"बारा मिनिटं."

"सुधारणा आहे."

मी तिथे दगडावर बसलो. "ठमे, तुझा आकडा आला गं. चार झाले म्हणून निघालो. दार लागलं होतं मागचं. दार कोणी लावलं मग?"

तिने चष्मा सरळ केला.

"मी दाराशीच आले होते," ती म्हणाली. "चढणार म्हणून हात पुढे केला, तर..."

"तर काय?"

"तर ते आतून कोणीतरी ओढून घेतलं."

बायकोने गाडीच्या मागच्या दाराकडे पाहिलं.

"मी हाक मारली," ठमी म्हणाली. "पण आतून कोणीतरी माझा आकडा म्हटला, आणि तुम्ही गेलात."

परत येताना बायको आणि ठमी मधल्या सीटवर एकमेकींना चिकटून बसल्या. मोजायचं कोणी नाव काढलं नाही.

शेठ दात कोरत बसला होता. मी त्याला थेट विचारलं, या गाडीचा अपघात झालाय? कोणी गेलंय हिच्यात? एखादं लहान मूल?

"नाही हो! आधीचे मालक दोघं नवरा-बायको, घरात मूलबाळ नाही. मागचा बाक वापरलासुद्धा नाही कधी."

"नीट आठवा. काहीतरी झालं असेल."

"साहेब, इतक्या आशेने अपघात विचारणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही," शेठ म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. गाडीत भूत असतं तर माझी सुटका होती. गाडीला नाही म्हणायचं, घरी जायचं, संपलं. पण गाडी स्वच्छ होती. म्हणजे जे काही मागे बसलं होतं, ते आमच्याबरोबर आलं होतं.

"आणि तो पट्ट्याचा दिवा तेवढा दुरुस्त करा," मी निघताना म्हटलं. "उजव्या बाकाचा."

शेठ दात कोरायचा थांबला.

"मागच्या बाकांना दिवा नसतोच साहेब, या गाडीत. फक्त पुढच्या दोन सीटला असतो."

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मी दारात.

"मीही ऐकलं," ती म्हणाली. "तिचाच आवाज होता. तेव्हाचा. या वेळी तुझी चूक नव्हती."

नऊ वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. मिळालं ते भलत्याच दिवसाबद्दल.

"मग राहशील?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ऐकवेना. "मोठी गाडी नको. सहल नको. नुसती राहा."

तिने बराच वेळ नळाखाली एकच पेला धुतला.

"पंपावर राहिलेली ती अजून धावत येऊन गाडीत बसते रे," ती म्हणाली. "आणि तिला जागा झाली की आपली आत्ताची ठमी बाहेर राहते. मला पुन्हा मोजायचं नाहीये."

गाडी आम्ही घेतली नाही. पुढच्याच आठवड्यात ती कोणीतरी नेली, असं शेठकडून कळलं. मी माझी जुनी छोटी गाडी चालवतो. मागच्या सीटवर काही ठेवत नाही. कधी कधी पंपावरून निघताना, चारही दारं लावून झाल्यावर... पाचव्यांदा धप्प ऐकू येतं. मी मागे बघत नाही. वेग मात्र कमी ठेवतो.

त्या दोघी सात जूनला गेल्या. सकाळच्या बसने. आप्पा आणि मी पोचवायला गेलो होतो.

कोणीच आकडा म्हटला नाही. बस वेळेवर सुटली.