धाकपाणी

चंद्रावरच्या त्या वसाहतीत शेजारधर्म म्हणजे शेजाऱ्याला तसदी न देणं. चाळीस माणसं, चाळीस खोल्या. जेवण भिंतीतल्या कप्प्यात येई, गप्पा पडद्यावर होत. शेवाळाच्या टाक्या सांभाळणाऱ्या मंदाकिनी तोरण्यांनी कोजागरीला सगळ्यांना बोलावलं. "पुढच्या वेळी नक्की!" असे निरोप आले. दूध त्यांनी एकटीनंच प्यायलं आणि न वापरलेले कपही विसळून ठेवले.

दुसऱ्या दिवशी टाकीची झडप बदलायला नागेशराव कुलथे आले.

"बाई, काल यायचं फार मनात होतं हो."

"मनातच राहिलात. दारात कुणी दिसलं नाही."

ओशाळून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "मागे सुटे ठिपके होते. आज चार-चारच्या माळा, वर कडेला शिंगं! शेवाळ बदललंत?"

"तेच आहे. निवांत पाण्यात पेशी सुटी वाढते, तरंगते. ती गाळायच्या फडक्यातून निसटते, मग तुमच्या भाकरीला शेवाळाचं पीठ कुठून आणू? म्हणून धाकपाणी घालते."

धाकपाणी हा बाईंचाच शब्द. हे शेवाळ पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले पिसवांएवढे जीव, खातात. बाई वेगळ्या बरणीत थोड्या पिसवा पाळत आणि त्यांचं पाणी गाळून टाकीत ओतत. त्यात पिसू एकही नसे, फक्त तिचा सुगावा. तेवढ्यावर पेशींची पुढची पिढी एकमेकींना चिकटूनच जन्मे. चौघींचा घास पिसवेच्या तोंडात मावत नाही.

"म्हणजे वैरी नाहीच? बनवता की बिचाऱ्यांना!"

"पीठ तुम्हीच खाता ना?"

"आणि धाकपाणी थांबवलं तर?"

"पुढची पिढी पुन्हा सुटी. जशी काही ओळखच नाही."

नागेशराव झडप बसवून, बराच वेळ रेंगाळून गेले.

महिनाभरात हवागळतीचा भोंगा वाजला. नियमाप्रमाणे सगळे प्राणवायूचे मुखवटे चढवून मधल्या दालनात जमले, गुडघ्याला गुडघा लावून बसले. कुणीतरी बाईंच्या अंगावर शाल घातली, गाव विचारलं. गळती सापडली नाही. सकाळी दारं पुन्हा बंद. काही दिवसांनी भोंगा परत वाजला, तेव्हाही तसंच.

मग बरेच दिवस शांतता. बाई भोंग्याच्या खटक्यापाशी जात आणि परत येत. लोकांचा भोंग्यावरचा विश्वास उडाला, तर खऱ्या गळतीत सगळे गुदमरतील, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरी एका संध्याकाळी त्यांनी खटका ओढला.

सगळे आले. कुणाच्या हातात विणकाम होतं, कुणाच्या हातात डबा. मुखवटा एकाच्याही तोंडावर नव्हता. गळती कुठे आहे, हेही कुणी विचारलं नाही.

नागेशराव शेजारी टेकले. "आज तुम्ही वाजवलात का?" ते हळूच म्हणाले. "पहिला मी वाजवला होता. दुसरा त्यांनी." त्यांनी हनुवटीनं चिवडा वाटणाऱ्या एका शेजारणीकडे खूण केली.

मंदाकिनीबाईंनी बिनमुखवट्याच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. "आणि खरंच गळती झाली तर, नागेशराव?"

"तेव्हाही येतीलच की सगळे," त्यांनी बाईंच्या ओंजळीत चिवडा घातला, "डबे घेऊन."