नेत्रव्हॅनचा गळका दिवा

छतातल्या दिव्यातून पाणी गळत होतं, म्हणून शाल्मलीने आदल्या संध्याकाळी त्या दिव्याच्या कडेने सिलिकॉनचा जाड थर लावला होता. आज सकाळी दिव्यातून एक थेंबही पडत नव्हता. पाणी आता दिव्याच्या शेजारच्या फटीतून, थेट डोळे तपासायच्या यंत्रावर टपकत होतं. भोक बुजवलं, तरी पाणी आलं कसं?

यंत्राच्या पडद्यावर लाल अक्षरं होती : ‘ओल आढळली. यंत्र बंद.’

२०५२ सालचा श्रावण होता. शाल्मलीची आई, डॉक्टर मृदुला केळुसकर, ही नेत्रव्हॅन घेऊन गगनबावड्याच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर फिरत असे. यंत्र अर्ध्या मिनिटात दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या आतल्या, चित्र उमटणाऱ्या पडद्याचा) फोटो काढून आजार ओळखायचं. शाळेला चार दिवस सुट्टी होती, म्हणून अकरा वर्षांची शाल्मली आणि तिचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, बरोबर आले होते.

आईने यंत्र कोरड्या फडक्याने टिपलं. “ओल उतरली की ते चालू होईल. पण दुपारपर्यंत गळती थांबली नाही, तर कोल्हापूरला परत जावं लागेल. पुढच्या सहा वाड्या राहतील.”

व्हॅन वाडीतल्या शाळेजवळ उभी होती आणि शाळेच्या व्हरांड्यात पंधरावीस माणसं बसली होती. सगळ्यांत पुढे सगुणाबाई, गावातल्या शिलाईवाल्या. महिनाभर त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके नाचत होते. सुईत दोरा ओवता येत नव्हता.

शाल्मली आजोबांकडे वळली. “आजोबा, मीच बिघडवलं सगळं. काल निदान यंत्रावर तरी पाणी पडत नव्हतं.”

आजोबांनी आयुष्यभर विमानांच्या दुरुस्तीचं काम केलं होतं. पाण्याने भरलेला स्टीलचा पेला त्यांनी हळूहळू कलता केला. पाणी सरळ खाली पडलं नाही. पेल्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटून तळापर्यंत ओघळलं आणि मग तिथून टपकलं.

“पाणी कुठून निघालं?”

“काठावरून.”

“आणि पडलं कुठून?”

“तळावरून...” शाल्मली थबकली. “म्हणजे व्हॅनमध्येही पाणी शिरतं एकीकडून आणि पडतं दुसरीकडून?”

“पाणी पत्र्याला चिकटून वाहतं. याला आसंजन म्हणतात (दोन वेगळ्या पदार्थांनी एकमेकांना धरून ठेवणं). त्यात अरुंद फट मिळाली, तर ते तिच्यात आपोआप ओढलंही जातं. छताच्या आतल्या पट्टीवरून ते लांबवर जातं आणि सखल जागा सापडली की खाली पडतं. तू काल त्याची बाहेर पडायची वाट बुजवलीस. आत शिरायची वाट उघडीच राहिली.”

तेवढ्यात भिंगरी छतावरून सरपटत आली. भिंगरी म्हणजे व्हॅनची देखभाल करणारा तळहाताएवढा यंत्रमानव. “सर्वात जास्त ओल दिव्याजवळ आहे,” ती म्हणाली. “म्हणून गळती दिव्याजवळ आहे.”

“पहिलं वाक्य बरोबर, दुसरं चूक,” शाल्मली म्हणाली. तिला जरा बरं वाटलं. पण मग ती शिरायची वाट शोधायची कशी? बाहेरच्या छतावर सौरपट्ट्या होत्या, अँटेना होती, शंभर तरी स्क्रू होते.

“पाण्याचा माग काढणं कठीण आहे,” आजोबा म्हणाले. “पण ज्या भोकातून पाणी येतं, त्यातून आणखी काय जाऊ शकेल?”

शाल्मलीने डोळे मिटले. सायकलचं पंक्चर काढणारे काका तिला आठवले. ते ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवतात, आणि भोक असेल तिथून बुडबुडे येतात.

“हवा! पण आजोबा, व्हॅन पाण्यात कशी बुडवणार?”

“बुडवायलाच हवी का?”

“नाही... पाणीच वर लावू. साबणाचं! म्हणजे फेस येईल!”

आजोबा हसले. “विमानातही आत हवा भरूनच गळती शोधायचो आम्ही.”

दारं, खिडक्या आणि हवा बाहेर सोडणारी झडप बंद केली. बाहेरची हवा आत ओढणारा पंखा मात्र आईने पूर्ण वेगाने लावला. आता आत हवा येत होती, पण तिला सहज बाहेर जाता येत नव्हतं. आतला दाब (हवेने प्रत्येक बाजूला दिलेला रेटा) बाहेरच्यापेक्षा किंचित वाढला. शाल्मलीचे कान दडपल्यासारखे झाले.

ती दार पटकन लावून घेत बाहेर आली आणि आजोबांनी धरलेल्या शिडीवर चढली. पाऊस भुरभुरत होता. साबणाचं पाणी वाहून जाऊ लागलं, तशी सगुणाबाई उठल्या. “थांब पोरी, ताडपत्री धरतो आम्ही.” चार जणांनी बांबूंवर ताडपत्री तोलून धरली.

शाल्मलीने दिव्याच्या बरोबर वर ब्रश फिरवला. काहीच नाही. दाराच्या वरच्या कडेला बुडबुडे आले, तेव्हा ती आनंदाने ओरडली. पण दाराचं रबर थोडी हवा सोडतंच, आणि तिथली आतली बाजू कोरडी होती. ती पुढे सरकली. सौरपट्टी, स्क्रू, आणखी स्क्रू. हात भरून आले.

अँटेनाच्या बुडाशी ब्रश टेकला आणि फेस हलला. एक बुडबुडा फुगला, मग दुसरा. बघता बघता द्राक्षांच्या घडासारखा फेस वर आला.

“इथे!”

“अंतर दिव्यापासून सव्वा मीटर,” भिंगरी म्हणाली. “इतक्या लांबून पाणी येणार नाही.”

“व्हॅन चढावर उभी आहे. अँटेना पुढच्या उंच भागात, दिवा मागच्या सखल भागात,” शाल्मलीने सांगितलं. “पाणी पट्टीवरून उतरत गेलं.”

भिंगरी म्हणाली, “नोंद केली. ओल जिथे जास्त, तिथेच सुरुवात असेल असं नाही.”

अँटेना काढली, तर तिच्याखालच्या रबराला केसाएवढी चीर होती. शाल्मलीने जुनं सिलिकॉन खरवडलं, पत्रा पुसला आणि गरम हवेने कोरडा केला, कारण ओल्या पत्र्यावर काहीच धरत नाही. नवं रबर घालून अँटेना परत बसवली, कडेने सिलिकॉन लावलं. आत आजोबांनी छताचं अस्तर उतरवून वाळत टाकलं. सिलिकॉन घट्ट होईपर्यंत सगळे ताडपत्रीखाली थांबले. मग पुन्हा पंखा, पुन्हा साबण. या वेळी फेस गुपचूप बसून राहिला. शेवटी त्यावर बादलीभर पाणी ओतलं. आत थेंब नाही.

एक वाजता यंत्राच्या पडद्यावरची लाल अक्षरं गेली.

सगुणाबाईंनी हनुवटी टेकवली. आईने फोटो नीट पाहिला. “दृष्टिपटलाला बारीक चीर पडली आहे. आज कळलं हे बरं झालं. उद्याच कोल्हापूरला जाऊन लेझरने तिच्या कडा बंद करून घ्या, म्हणजे डोळा वाचेल.”

“म्हंजे सुई ओवता येईल?”

“येईल. ठिपकेही हळूहळू कमी होतील.”

सगुणाबाईंनी शाल्मलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी व्हॅन पुढच्या वाडीकडे निघाली. शाल्मली छताकडे बघत होती.

“आजोबा, चंद्रावर घरं बांधतायत ना? तिथेही आत हवा आणि बाहेर काहीच नाही. भिंतीला चीर पडली तर हवा निघून जाईल. पण तिथे बाहेर साबणाचं पाणी लावताच येणार नाही.”

“नाही येणार. हवेचा दाबच नाही, तर ते उकळून उडून जाईल.”

“मग चीर शोधायची कशी?”

“काही उपाय आहेत. याहून चांगला एखादा अजून कुणाला सुचायचाय.”

शाल्मली विचारात पडली. चिरेतून हवा सुटताना ती सळसळत असेल. बाहेर आवाज पोचणार नाही, पण भिंत थरथरेल. ती थरथर ऐकता येईल का? तिने एका कानावर हात ठेवला, दुसरा कान व्हॅनच्या पत्र्याला लावला आणि पुढची वाडी येईपर्यंत ती तशीच ऐकत बसली.