सातवा कोल्हा

लाइट यायला वेळ आहे अजून. वायरमनला फोन केला, तो म्हणाला "निघालोच", म्हणजे अजून जेवतोय. तोवर बसा इथेच. मेणबत्ती मध्ये ठेवा आणि ती मोबाइलची बॅटरी बंद करा, डोळ्यांत जाते.

आणि तू का अशी तोंड फुगवून बसलीस? कळलंय मला सगळं. हा तुझा मावसभाऊ नव्या मित्रांबरोबर फिरून आला, तुला विचारलं नाही, म्हणून अबोला. हसू नका रे. पोटात दुखतं तेव्हा खरंच दुखतं. मलाही एक मावसभाऊ होता. माझ्यापेक्षा लहान, मला दादा म्हणायचा. त्याचं असंच दुखलं होतं, आणि ते कुठवर गेलं ते त्यानं स्वतः मला सांगितलंय. मीठमसाला माझा नाही.

तो फौजेत कोठीवाला होता. कोठी म्हणजे वर्द्या, बूट, पट्टे, कांबळी. शिपाई खिडकीशी यायचे, हा आतून सामान द्यायचा. कोठी सोडून कुठे जायचं नाही, पलटण डोंगरात गेली तरी हा आपला मांडण्यांच्या मध्ये. त्याचं त्याला काही वाटायचं नाही, कारण रोज रात्री जेवण झालं की त्याचा दोस्त यायचा.

दोस्ताला सगळे रेडिओ म्हणायचे. बंदच व्हायचा नाही म्हणून. खिडकीच्या पत्र्यावर चहाचा मग आपटायचा. टण्, टण्. दोनदा. मग हा आतून झडप उघडायचा, चहा ओतायचा, आणि रेडिओ सुरू. साहेबांच्या नकला, गावच्या भानगडी, सगळं. सैनिक म्हणून भारी गडी, पण हातात सुई दिली की संपलं. एकदा बाहीला ठिगळ लावायला बसला. दर टाक्याला बोटात सुई आणि दर सुईला "च्च". तासाभरानं वर्दी अंगात घालायला गेला तर हात जाईना. बाहीचे दोन्ही पदर एकत्र शिवून ठेवलेले. माझा भाऊ हसून हसून आडवा झाला. मग त्यानंच ते उसवून दिलं. तेव्हापासून रेडिओची बटणं, काजं, ठिगळं, सगळं याच्याकडे. बायकोनं सुद्धा इतक्या मायेनं केलं नसतं.

मग ते डोंगरातलं झालं. सात जणांची तुकडी, गाडी दरीत गेली. कुणाचा पाय, कुणाचा गुडघा. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून सातही जण लंगडत परत आले. रेडिओ त्यातला एक. आले आणि छावणीच्या फाटकासमोर टेलर होता त्याच्याकडे जाऊन सात पॅच भरून घेतले. कापडी, एवढे, तळहाताएवढे. त्यावर कोल्हा, पुढचा एक पाय उचललेला. लंगडा कोल्हा. सरकारी नाही काही. सैनिक आपसात करतात असले पॅच, साहेबलोक बघून न बघितल्यासारखं करतात, आणि तपासणी असली की बाह्या दुमडायच्या म्हणजे झालं. बाकीच्यांचे चिकटपट्टीचे असायचे. या सातांनी ठरवलं, चिकटवायचा नाही, शिवायचा. जो लंगडला त्याच्याच दंडावर.

आता ऐक, तुझ्यासाठी सांगतोय हे. रेडिओ तो कोल्हा शिवून घ्यायला माझ्या भावाकडे आला नाही. त्या सातांतल्याच एकानं शिवून दिला.

एवढंसं कारण. पण भाऊ आतून जळाला. रेडिओनं काही मुद्दाम केलं नव्हतं हो, त्याच्या लक्षातही आलं नसेल. पण रात्री तो आता त्या सहा जणांत बसायला लागला. कोठीच्या मागेच त्यांची खोली. हा चहा ठेवायचा, दोन मग काढायचा, आणि भिंतीपलीकडून हसणं ऐकायचा. रेडिओचा आवाज ओळखू यायचा, शब्द कळायचे नाहीत. एकदा न राहवून टेलरकडे गेला, म्हणाला, अजून एक कोल्हा भरून दे. टेलरनं वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाला, "सात सांगितलेत, सात केलेत. त्या लोकांना विचारून या, मग आठवा करतो." विचारणार कुठल्या तोंडानं?

आणि नोव्हेंबरात, कडा चढायच्या सरावात, रेडिओचा दोर सुटला. जागेवर गेला.

महिन्यातला शेवटचा शनिवार होता. रविवारी सकाळी रेडिओची आई त्याचं सामान न्यायला येणार होती. मेलेल्या माणसाची पेटी भरायची ते काम कोठीवाल्याचं. संध्याकाळी ते सहा जण कोठीत आले. त्यातला मोठा म्हणाला, "नियम आम्हाला माहीत आहे. बिनसरकारी काही वर्दीवर ठेवून पाठवत नाहीत. पण त्याचा कोल्हा हलवू नकोस. आईला त्यानं फोनवर सांगितलंय कोल्ह्याचं. ती तोच शोधेल."

हा म्हणाला, "बरं."

काम साधंच होतं. वर्द्या घड्या घालायच्या, पेटीत ठेवायच्या, दोरी बांधायची, गाठीवर लाख ओतून शिक्का मारायचा. अर्ध्या तासाचं काम. सगळं व्यवस्थित केलं त्यानं. फक्त सगळ्यात वरची वर्दी घडी घालताना दंडावर तो कोल्हा दिसला, आणि याचा हात थांबला.

मला म्हणाला, दादा, मला चोरायचा नव्हता. एकदा लावून बघायचा होता.

उसवला त्यानं. पात्यानं, एकेक टाका, कापडाला धक्का न लावता. वर्दी पेटीत, पेटीला दोरी, दोरीवर लाख. आणि कोल्हा स्वतःच्या दंडावर, कच्च्या टाक्यांनी. मापाच्या आरशासमोर उभा राहिला. या बाजूनं बघितलं. त्या बाजूनं बघितलं. मनात म्हणाला, आता मी पण. बदलीचा कागद आलेलाच होता त्याचा. नव्या जागी कुणाला काय माहीत कोण लंगडलं आणि कोण नाही? सकाळी त्या बाईला सांगून टाकायचं, नियम आहे, काढावा लागतो.

बारा वाजून गेले होते. मागच्या खोलीत ते सहाही जण झोपलेले. दिवा मालवायला म्हणून हा वळला.

टण्.

...

टण्.

घाबरला असेल असं वाटतं ना तुम्हाला? नाही. मला शपथेवर म्हणाला, दादा, पहिल्यांदा आनंद झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आला माझ्याकडे. हात आपोआप दुसऱ्या मगाकडे गेला. झडपेची कडी काढली. आणि मग आठवलं.

तोवर झडप वर गेली होती.

बाहेर काळोख. माणूस दिसत नव्हता. फक्त एक हात आत आला. कोपरापर्यंत. मग दंडापर्यंत. सामान घ्यायला शिपाई हात पुढे करतो, तसा. तळवा वर.

बाही ओळखीची. दंडावर एक चौकोन, बाकी कापडापेक्षा गडद. चहूबाजूंनी सुईची भोकं.

ती वर्दी पेटीत होती. पेटी याच्या मागे होती. पेटीवर लाखेचा शिक्का होता.

"रेडिओ..."

बंद न होणारा रेडिओ. एक शब्द नाही.

हात तसाच. वाट बघत.

कोणी शहाणा असता तर कोल्हा काढून त्या तळव्यावर ठेवला असता आणि झडप लावून घेतली असती. पण मत्सर माणसाला कुठे शहाणं राहू देतो? याला रडू फुटलं. खरं सांगतो, रागानं रडू फुटलं. म्हणाला, "एवढे दिवस मग काढून ठेवत होतो. एकदा आलास? आज आलास, तोही याच्यासाठी. त्यांना तू होतास. मला काय होतं? नाही देणार."

हात हलला नाही.

"नाही देणार म्हटलं ना..."

बोटं मिटली. सावकाश. हात मागे गेला. झडप पडली.



मग पावलं. कोठीच्या भिंतीलगत. एक पाऊल, एक ओढलेलं. एक पाऊल... एक ओढलेलं. कोपऱ्याशी वळली. दाराकडे आली. दाराला आतून अडसर होता.

पावलं दाराशी थांबली नाहीत.

दिवा गेला.

हा पेटीला टेकून खाली बसला. आणि अगदी जवळ... इथे, दंडापाशी... थंड. बाही कोणीतरी चिमटीत धरली. कच्चे टाके तुटले. टक. टक. टक.

झालं, नेला, असं वाटलं याला.

मग आवाज. जाड कापडातून दोरा ओढल्याचा.

सर्र...

सर्र...

"च्च."

...

हं. जवळ सरकलीस तरी चालेल. तुझा मावसभाऊच आहे तो, चावत नाही. बोलू नकोस हवं तर.

किती वेळ चाललं ते त्याला माहीत नाही. डोळे गच्च मिटलेले. हात बाहीतच होता, काही जाणवत नव्हतं, फक्त दोरा ओढला जात होता आणि मधून मधून ते "च्च". एकदा तर, म्हणाला, हसू आलं. इतक्या भीतीत. कारण हे असं वाईट शिवणारा माणूस जगात एकच.

उजाडलं तेव्हा अडसर जागेवर, झडपेला कडी, पेटीच्या लाखेवरचा शिक्का अखंड. याच्या दंडावरचा रेडिओचा कोल्हा नाहीसा झाला होता. यानं शिक्का फोडला, दोरी सोडली. सगळ्यात वर तीच वर्दी. दंडावर लंगडा कोल्हा, आपल्या जागी. टाके मात्र वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड.

आई आली. तिनं दुसरं काही बघितलं नाही, दंडावरून बोट फिरवलं. म्हणाली, "हे त्यानंच शिवलेलं दिसतंय. दप्तराला असेच टाके घालायचा." माझ्या भावानं मान हलवली. दुसरं काय करणार? त्यानंतर त्यानं त्या सहा जणांना सगळं सांगितलं. रात्री त्यांच्यातल्या मोठ्या गड्यानं येऊन त्याला त्यांच्या खोलीत बसायला नेलं, एवढं झालं.

माझा भाऊ गेला गेल्या वर्षी, आजारानं. जायच्या आधी एक शर्ट मला देऊन गेला. त्या रात्री अंगात होता तो. ती कपाटातली पिशवी दे जरा. हं, हाच. मेणबत्ती जवळ आण, पण मेण सांडू नकोस.

हा दंडावर बघ. पॅच नाही, कापडावरच भरलंय. लहान पोरानं काढावं तसं, पण कोल्हाच आहे. लंगडा नाही. चारी पाय नीट, खाली बसलाय, मान वळवून मागे बघतोय. वाट बघणारा. त्यानं तो फाटकासमोरच्या टेलरला दाखवला होता, टेलर म्हणाला असला दोरा माझ्या दुकानात कधी आलाच नाही.

पण ते नाही दाखवायचं मला. दोघं इकडे या. तू शर्ट धर. आणि तू, अबोलेवाली, खांद्याकडून बाहीत हात घाल. घाल, काही होत नाही.

थांबला ना? चार बोटं गेला आणि थांबला. टाके दोन्ही पदरांतून गेलेत, बाही तिथे बंद आहे. हा शर्ट पहाटेपर्यंत त्याच्या अंगात होता. हात बाहीतच होता. पहाटे त्यानं तो नेहमीसारखा काढला, हात सहज बाहेर आला, आणि पुन्हा घालायला गेला तेव्हा असा थांबला.

आम्ही कोणी तो उसवलेला नाही.