पहिलीने शिवलेला अंगरखा

मिसाओ खाली गेली ती काचेच्या कपाटांची धूळ पुसायला. बाहेर बर्फ पडत होता, आज पाहुणे फिरकणार नव्हते. खाली ऐनू या जपानच्या उत्तरेकडच्या आदिवासींच्या, म्हणजे त्यांच्याच लोकांच्या, जुन्या वस्तूंचं संग्रहालय आणि वर घर, असा त्यांचा संसार.

मधल्या कपाटात झाडाच्या सालीच्या धाग्यांचा अंगरखा टांगलेला होता. तो तिच्या नवऱ्याचा, शिगेओचा. शिवलेला मात्र त्याच्या पहिल्या बायकोने, फुमिएने. ती जाऊन कैक वर्षं झाली, तरी सणाला शिगेओ तोच घालायचा. मिसाओने डोळे फोडून शिवलेला अंगरखा पेटीत पडून होता.

"फुमिएसारखा टाका होणे नाही," येणारा जाणारा म्हणे. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! मिसाओच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं.

आज सकाळी तर शिगेओ कपाटापुढे उभा राहून हळू आवाजात बोलत होता. तिने स्वतः ऐकलं होतं. ते आठवलं आणि तिने कात्री घेतली. कपाट उघडून अंगरख्याच्या पाठीवरची नक्षी तिने उभी कापली. ओल्या सालीचा वास खोलीभर पसरला.

"काय केलंस गं हे?"

दारात सासू होती. सारं गाव तिला हुची, म्हणजे आजी म्हणे.

"उंदरांनी..."

"उंदरांच्या हातात कात्री असते होय?" हुची मटकन खाली बसली. "अगं, मेलेल्या माणसाला काही द्यायचं तर आपण ते कापूनच देतो ना? अख्खी वस्तू तिकडे पोचत नाही. म्हणून तर हा अख्खा जपला मी. मरताना फुमिए हाच मागत होती..."

"मग घेऊ दे की! एकदाची ब्याद गेली."

"वेडे... अंगरखा कुणाचा आहे?"

मिसाओ जिना चढून धावली.

शिगेओ शेगडीजवळ पाठमोरा उभा होता. त्याने दोन्ही हात जरा मागे केले होते, कुणी बाह्या धरून उभं असल्यासारखे. एक हात सरकला, मग दुसरा. त्याने खांदे सारखे केले.

"अहो..."

त्याने वळून पाहिलं नाही. कंबरपट्टा बांधून घेताना घेतात तसं पोट किंचित आत घेतलं.

"जरा सैल बांध," तो कुजबुजला. "नेहमी घट्ट बांधतेस."

आणि हसला. मिसाओ दारातच थिजली. भीती नंतर वाटली, आधी तिचा जळफळाट झाला. इतक्या वर्षांत तिच्याशी तो असा कधीच हसला नव्हता.