पाणी खोकतं का?

पाण्याला डांग्या खोकला झाल्याची बातमी थेंबूने अगदी गंभीर चेहरा करून सांगितली. त्याला चेहरा एकच होता, हा भाग वेगळा.

थेंबू हा शर्वाणीच्या आजोबांच्या प्रयोगशाळेतला रोबो. साल २०४८, खंडेनवमीची दुपार. सकाळच्या अवजारांच्या पूजेतली झेंडूची माळ अजून त्याच्या गळ्यात होती.

"नळ्या पाच. आई, बाबा, आजोबा, शर्वाणी आणि नुसतं पाणी. पाचही नळ्यांत डांग्या खोकल्याचे जंतू!"

शर्वाणीचं तोंड एवढंसं झालं. उद्या दसऱ्याला वहिनीच्या माहेरी दादाच्या बाळाचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा! दहाव्या वर्षी आत्या झालेली शर्वाणी आठवडाभर आरशासमोर 'कुर्रर्र' म्हणत होती. पण शेजारच्या नीरजला डांग्या खोकला निघाला, शर्वाणीही थोडी खोकू लागली, म्हणून आजोबांनी घरातल्या सगळ्यांच्या नाकातले नमुने तपासायला घेतले. हा खोकला तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततो.

"संपलं! कुणीच जायचं नाही," आजोबांनी फोन उचलला. "दादाला कळवतो."

"थांबा आजोबा! पाणी खोकतं का?"

आजोबांचा हात तिथेच थांबला.

"नुसत्या पाण्याची नळी ठेवताच कशाला?" शर्वाणीने विचारलं.

"पहारेकरी म्हणून," आजोबा म्हणाले. "जंतूचा डीएनए (जिवाच्या जडणघडणीच्या सूचना असलेला धागा) नमुन्यात इतका थोडा असतो, की सापडत नाही. म्हणून पीसीआर (त्या धाग्याच्या नेमक्या तुकड्याच्या नकला काढायची पद्धत). तापवलं की धाग्याचे दोन पदर सुटतात. गार केलं की रसायनं प्रत्येक पदराला नवा जोडीदार विणून देतात. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत किती?"

"शंभर कोटींच्या वर!" थेंबू म्हणाला.

"तुला कुणी विचारलं? तर, पाण्यात धागाच नाही, मग नक्कल निघेल कशाची? निघाली, म्हणजे बाहेरून काहीतरी शिरलं. मग बाकीच्या नळ्यांवरही विश्वास ठेवता येत नाही. हे व्हायला नको म्हणून आपल्या तीन खोल्या. पहिलीत मिश्रण, दुसरीत नकला, तिसरीत तपासणी. तिसरीतली वस्तू पहिलीत आणायची नाही. कालच तिसरीत नीरजच्या जंतूच्या कोट्यवधी नकला हाताळल्यात." त्यांनी थेंबूकडे डोळे वटारले. "कोणी काय आणलं?"

"मी काही नाही. मी फक्त पूजा मांडली."

"पूजेला काय काय ठेवलं होतंस?" शर्वाणीने विचारलं.

"आजोबांच्या आज्ञेप्रमाणे तिन्ही खोल्यांतल्या पिपेट (मोजून थेंब टाकायची उपकरणं) एकाच पाटावर. सगळ्या सारख्याच दिसतात. नंतर आजोबांनी स्वतः परत ठेवल्या."

आजोबा कान खाजवू लागले. "चाळीस वर्षं विद्यार्थ्यांवर ओरडलो," ते पुटपुटले, "आणि शेण मी खाल्लं. तिसरीतली पिपेट पहिलीत ठेवली!"

"पुढच्या वर्षी तीन खोल्यांत तीन पाट," शर्वाणीने निकाल दिला.

मग कपाटातल्या नव्या पिपेट निघाल्या, ताजी रसायनं आली, टेबलं पुसली गेली आणि उरलेले नमुने पुन्हा लावले. दोन तास शर्वाणी यंत्रासमोरून हलली नाही.

"पाणी ठणठणीत!" थेंबू म्हणाला. "आई, बाबा, आजोबा, कुणालाही जंतू नाहीत." मग तो जरा थांबला. "शर्वाणीला आहेत."

शर्वाणीला रडूच कोसळलं. "मी विचारायलाच नको होतं!"

"वेडे, न विचारतीस तर बारशाला कुणीच गेलं नसतं," आजोबांनी तिला जवळ घेतलं. "आणि न तपासता गेली असतीस, तर बाळाच्या कानाशी तूच तोंड नेलं असतंस."

हे मात्र तिला पटलं. रडणं थांबायला तरी थोडा वेळ लागलाच.

दसऱ्याला आई-बाबा गेले. पाच दिवसांचं औषध घ्यायला शर्वाणी घरी राहिली आणि प्रायश्चित्त म्हणून आजोबाही. पाळण्याशी उभा होता थेंबू, घासूनपुसून लख्ख, गळ्यात नवी माळ. तो बाळाच्या कानाशी वाकला आणि त्याच्या पोटातून थेट घरून शर्वाणीचा आवाज आला, "कुर्रर्र... निनाद!"

आणि पाठोपाठ खणखणीत खोकला.

बाळाने डोळे उघडून रोबोकडे पाहिलं. साठ किलोमीटरवरून आत्याचा खोकला पोचला होता, जंतू मात्र एकही नाही.