पिवळ्या कापडातली बाई

"सोड ना ती गाठ! बाबा आले तर आपल्या दोघांची चामडी लोळवतील!" निमिष कुजबुजला.

"चामडी तुझी लोळवतील. मी पाहुणी आहे!" ऋजुता म्हणाली आणि पुन्हा नाक कापडाला लावून हुंगू लागली.

मे महिन्याच्या सुट्टीत ती पेणहून रोह्याला मामाकडे आली होती. मामाच्या हॉलमध्ये, जिथे दरवर्षी गणपती बसतो त्या पाटावर, पिवळ्या कापडात गुंडाळलेलं एक चित्र उभं होतं. वर हळदकुंकू! महादेवमामा शाळेत गणित शिकवतो. त्याने हे नव्वद वर्षांपूर्वीचं चित्र, जुनी चित्रं विकणाऱ्या हितेश सरांकडून दोन लाखांना घेतलं होतं. पाच वर्षांत तिप्पट भाव! फक्त कापड काढायचं नाही, कारण उजेड लागला की भाव उतरतो. गणपती घरी आणताना तोंडावर रुमाल टाकायची आपल्याकडे सवयच. त्यामुळे चेहरा झाकून ठेवण्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट सगळे नमस्कार करायचे.

पण ऋजुता गणपतीच्या कारखान्यांत वाढलेली पोर. "निम्या, हे नव्वद वर्षांपूर्वीचं ना? मग याला ताज्या रंगाचा वास कसा?"

निमिषने हुंगलं. मग त्यानेच गाठ सोडली.

आत हातात कमळ घेतलेली एक बाई होती. कॅनव्हास चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखा तपकिरी. पण डोळे! ऋजुता आणखी जवळ वाकली. पापणीची रेघ बाहेर जाड आणि नाकाकडे येताना केसासारखी बारीक. डावखुऱ्या हाताची रेघ! तिच्या आईची, वृंदाची!

आई पेणमध्ये दुसऱ्यांच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. थंडीत काम नसताना एकाने तिच्याकडून अशा साठ बायांचे नुसते डोळे काढून घेतले होते. हॉटेलांत लावायला म्हणून. एका जोडीला साठ रुपये.

"आज आई येणार आहे हितेश सरांच्या कार्यक्रमाला," ऋजुताचा आवाज चिरकला. "चार लाखांचं चित्र घ्यायला! नऊ वर्षं साठवलेत तिने, स्वतःचा कारखाना काढायला!"

"फोन लाव!"

लावला. बंद. कार्यक्रमाच्या हॉलमध्ये शिरतानाच सगळ्यांचे मोबाइल बंद करायला सांगतात ना!

मग काय! चित्र सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि दोघं भर उन्हात सुटले. हॉलच्या दारात वॉचमन आडवा आला.

"पोरांना आत सोडत नाय!"

"काका, हितेश सरांनीच मागवलंय हे," निमिष गंभीर तोंड करून म्हणाला. "तुम्ही अडवलंत असं सांगू?"

वॉचमन बाजूला झाला. दोघं धावत थेट स्टेजवर! ऋजुताने चित्र डोक्यावर धरलं.

"निमिष!" पहिल्या रांगेतून मामा ओरडला. "त्याचं कापड कुठाय?"

पहिला प्रश्न हाच! नव्वद वर्षांची बाई डोळ्यांपुढे आणि मामाला कापडाची काळजी.

आई मात्र उठून पुढे आली. चित्राजवळ थांबली. "हे डोळे मी आखलेत," ती हळूच म्हणाली.

कुणीतरी तिथेच विकत घेतलेल्या, मांडीवरच्या चित्राचं पिवळं कापड फाडलं. आत तीच बाई. शेजाऱ्याने फाडलं. तीच बाई! साऱ्या हॉलभर एकाच बाईचे डोळे उघडले.

"आई, चेक देऊ नकोस!"

"चेक चालत नाय म्हणाले गं." आई खुर्चीवर बसली. "सकाळीच पेणच्या बँकेतून पाठवले."

हितेश सर पळाले नाहीत. त्यांनी शांतपणे पाणी प्यायलं आणि एक कागद मामापुढे धरला. "वाचा, गुरुजी. ‘चित्र पाहून, खात्री करून घेतले.’ खाली सही तुमचीच ना?"

मामाचीच होती. सगळ्यांच्या होत्या. न बघता बघितल्याच्या सह्या!

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतली गेली. हवालदारांनीही तीच ओळ बोट ठेवून वाचली आणि मान हलवली. हितेश सरांच्या बँक खात्यात दुपारीच काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी मामाकडे लोक जमले. "काय हुशार पोरं! शाबास!" पाठी थोपटून झाल्या. मामाने आइस्क्रीम आणलं.

"नको मला!" ऋजुताने वाटी सरकवली. "एक गाठ सोडायची होती, मामा! दहा वर्षांच्या निम्याने सोडली. तुम्ही एवढे शिकलेले, काय करत होतात?"

आइस्क्रीम वितळत राहिलं.

आईने पर्समधला बारीक ब्रश काढला. निमिषची रंगपेटी मागून घेतली. चित्र मांडीवर आडवं ठेवलं.

"आता काय करतेस त्याचं, वृंदा?" मामाने विचारलं.

"उजवा डोळा जरा खाली आलाय, दादा. घाईत केलं होतं." तिने मान वर केली नाही. "उद्या परत दुसऱ्यांच्याच कारखान्यात बसायचंय. पण माझ्या हातचं वाकडं नको राहायला. ऋजू, दिसत नाय गं. उजेड धर."

ऋजुताने मोबाइलचा दिवा लावला आणि बाईच्या तोंडावर धरला. उजेड लागला की भाव उतरतो म्हणे! तिने दिवा आणखी जवळ नेला.